बूट चालायला बरे आहेत ना?

पंचेचाळिशीत पुरुषाला एकतर गुडघ्याचं तेल लागतं, नाहीतर बुलेट. मी बुलेट घेतली. तेल नंतर लागलं, ते ओघात येईलच.

ऑफिसात महिनाभर ‘सोलो राइड, सोलो राइड’ असा घोष केल्यावर कुठेतरी जाणं भाग होतं. महाबळेश्वरला सगळेच जातात. मला शेवाळलेलं, इंग्रज जाताना विसरून गेलेलं काहीतरी हवं होतं. माथेरान ठरलं. निघताना बायकोने एवढंच विचारलं, “बूट चालायला बरे आहेत ना?”

“चालवायला म्हण,” मी तिचं मराठी सुधारलं. “बरं,” म्हणून तिने दार लावलं.

पुणे ते कर्जत मी राजा होतो. नेरळच्या घाटात प्रजा झालो. वळणं अशी उभी, की बाईक पहिल्या गिअरमध्ये रडते आणि मागून टॅक्सीच्या व्हॅन हॉर्न मारत डोक्यावर येतात. क्लच जळाल्याचा वास येत होता. ‘लोक गाड्या सांभाळत नाहीत,’ असं म्हणून मी नाक मुरडलं. तेव्हा मागेपुढे कोणीच नव्हतं.

दस्तुरी नाक्यावर पार्किंगवाल्याने हात केला. “गाडी हितंच लावा.”

“पुढे रस्ता खराब आहे का?”

“रस्ता झ्याक हाय. गाडीच जात नाय.”

माथेरानात मोटारगाड्यांना बंदी आहे. अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. अपवादांत अ‍ॅम्ब्युलन्स येते. क्षणभर तोही विचार केला. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट इथे पायपीट करत आला आणि डोंगराच्या प्रेमात पडला. पुढे मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने नेरळपासून एकवीस किलोमीटर रूळ पडले आणि १९०७ मध्ये छोटी गाडी धावू लागली. म्हणजे पायी या, घोड्यावर या, रेल्वेने या, सगळ्यांची सोय आहे. राहिलो मी. नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनवरून माथेरानला जाणारी शटल गाडीही नुकतीच सुटली होती.

मग गुडघ्याला पॅड, अंगात जाड जॅकेट, हातात हेल्मेट अशा अवतारात लाल मातीतून अडीच-तीन किलोमीटर निघालो. दम खायला एका दगडावर टेकलो आणि हेल्मेट, ग्लोव्ह्ज शेजारी ठेवले. एक माकड आलं. त्याने आधी हेल्मेटच्या काचेत तोंड पाहिलं, दात विचकले, आणि डावा ग्लोव्ह उचलून जांभळीवर चढलं. वर बसून निवांत हात घालून पाहिला. माझ्यापेक्षा त्यालाच नीट बसला.

मुक्काम एका जुन्या बंगल्यात होता. उंच छत, फुटक्या कौलातून येणारी उन्हाची तिरीप, व्हरांड्यात वेताची खुर्ची. तिच्यात मधोमध भोक. “ब्रिटिशकालीन आहे,” रखवालदार कौतुकाने म्हणाला. नळाला पाणी नव्हतं. नळ ब्रिटिशकालीन. पलंग कूस बदलली की कण्हायचा, तोही ब्रिटिशकालीन. रात्रीच्या आमटीबद्दल मी विचारलं नाही. इंग्रज हे सगळं सोडून का गेले, ते मला मध्यरात्री त्या पलंगावर पटलं.

सकाळी गुडघे उठेनात. रखवालदाराने कसलंसं तेल आणून दिलं आणि एक घोडेवाला बोलावला. हेल्मेट धरायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते डोक्यावरच चढवलं. बाजारपेठेतून आमची स्वारी निघाली. चपलांच्या दुकानासमोर एक पोरगं ओरडलं, “आई, घोड्यावर पण हेल्मेट कंपल्सरी झालं!”

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“काय, जमतंय का चालवायला?”

“हो,” मी काच खाली ओढत म्हणालो, “घोडेवाला चालवतोय.”