वारस नोंदीसाठी प्रोबेट लागत नाही

‘कोर्टातून प्रोबेट आणल्याशिवाय वडिलांची जमीन मुलांच्या नावावर होत नाही’ असा मेसेज करवीर, कागलकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यातली ती सक्ती मुंबई, चेन्नई, कोलकाता या शहरांशी जोडलेली होती. कोल्हापुरात केलेल्या, इथल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ती नव्हती. आणि मृत्युपत्रच नसेल तर प्रोबेट कशाचं करणार?

शेतजमिनीसाठी मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देणारं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, तीन महिन्यांच्या आत. बहिणींची नावंही घाला. ती गाळून केलेली नोंद पुढे कोर्टात नेतेच. शहरातल्या घराची नोंद नगर भूमापन कार्यालयात होते.

बँकेत नॉमिनी असेल तर कागद पूर्ण दिल्यावर पैसे १५ दिवसांत मिळायला हवेत. पण नॉमिनी मालक नसतो, त्याने ते वारसांपर्यंत पोचवायचे असतात. आणि कृपा करून, गेलेल्या माणसाचं एटीएम कार्ड वापरू नका.

वारसांत वाद असेल, तर मात्र वकील गाठावाच लागेल.