‘कुठलाही शांत मासा बेडकाबरोबर चालतो’: त्या फॉरवर्डला उत्तर

होळीच्या आसपासची गोष्ट. ओळखीतली एक सातवीतली मुलगी भुसावळहून वडिलांबरोबर माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकचा पारदर्शक डबा, डब्यात पांढरा बेडूक. म्हणाली, “काका, अकरा गप्पी मासे होते, सात उरले. मेलेला एकही सापडत नाही. जातात कुठे?” मी डबा उजेडात धरून खालून बेडकाचे पुढचे पाय पाहिले. बोटं सुटी होती, मध्ये पडदा नव्हता. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं.

वडिलांनी मोबाइल काढून तो मेसेज दाखवला. जळगाव-धुळ्याकडच्या मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपांवर तो मीही किती वेळा पाहिलाय. त्याचं म्हणणं असं: पाण्यातला बेडूक अगदी गरीब प्राणी, कुठल्याही लहान शांत माशाबरोबर राहतो. तळातलं उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवतो. फायटर माशाला (लांब झालरीच्या शेपटीचा, भांडखोर) त्याच्यासारखा जोडीदार नाही. श्वास हवेतून घेतो, म्हणून फिल्टर-पंप लागत नाही. आणि आपल्याकडे उन्हाळाच असतो, म्हणून हीटरचा खर्च नाही.

यातलं एकेक वाक्य घेतो, कारण या मेसेजपायी दोन्हीकडचे जीव जातात.

“पाण्यातला बेडूक अगदी गरीब.” कुठला बेडूक? दुकानात एकाच नावाखाली दोन वेगळे प्राणी विकले जातात. एक आफ्रिकेतला ठेंगणा बेडूक, हायमेनोकायरस. पूर्ण वाढला तरी जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर. रंग करडा-तपकिरी, अंगावर ठिपके, आणि चारही पायांच्या बोटांमध्ये पडदा. हा खरोखर गरीब आहे, तेवढं मेसेजचं बरोबर. दुसरा नखवाला बेडूक, झेनोपस. मादी दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत वाढते, डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला, मागच्या पायांच्या बोटांना काळी नखं आणि पुढची बोटं सुटी. त्या बोटांनी तो भक्ष्य तोंडात कोंबतो. पांढरा किंवा गुलाबीसर बेडूक दिसला की तो हाच समजायचा. लहानपणी दोघं एकाच मापाचे दिसतात, म्हणून फसगत होते.

हा नखवाला इतका कसा पसरला, तेही सांगतो. १९३० च्या दशकात लॅन्सलॉट हॉगबेन या शास्त्रज्ञाच्या कामातून गरोदरपण ओळखायची चाचणी निघाली. बाईची लघवी या बेडकाच्या मादीला टोचायची, काही तासांत तिने अंडी घातली तर दिवस गेलेत. त्या चाचणीसाठी आणि नंतर संशोधनासाठी दक्षिण आफ्रिकेतून हे बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. आणि प्रयोगशाळेत तगणारा प्राणी टाकीतही तगतो, पंधरा वर्षांहून जास्त जगतो. त्याच्या तोंडात मावेल तो मासा त्याचा घास. त्या मुलीचे चार गप्पी तिथेच गेले होते. नखवाल्याबरोबर कुठलाच लहान मासा ठेवू नये. कोरीडोरससारखा काटेरी पराचा मासा तर मुळीच नको. तो गिळायला गेलं तर काटा घशात अडकतो आणि दोघंही मरतात.

आता ठेंगण्याकडे येऊ. “कुठलाही लहान शांत मासा चालतो” ही त्याच्या बाबतीतली खरी घातक ओळ आहे, कारण ती अर्धी बरोबर वाटते. तो माशांशी भांडत नाही, मासेही सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. पण तो उपाशी मरतो. त्याची नजर अधू असते, अन्न तो वासावर आणि पाण्यातल्या हालचालीवर शोधतो. संध्याकाळी दिवे मंद करून एकदा बघा. लाल अळी त्याच्या नाकासमोर दोन बोटांवर पडते. तो थांबतो, मान किंचित वळवतो, पुढचे पाय पसरून तसाच राहतो. मग झडप घालतो आणि अळीच्या शेजारची वाळू तोंडात घेतो. थुंकतो. पुन्हा थांबतो. एवढ्या वेळात झेब्रा डॅनियो त्या अळीवरून तीनदा गेलेला असतो, आणि चौथ्यांदा अळी नसते. झेब्रा डॅनियो आपल्याच देशातला, अगदी शांत मासा आहे. तो कोणाला चावत नाही, फक्त चपळ आहे, आणि बेडकाला मारायला तेवढं पुरतं. दीड-दोन महिन्यांत बेडकाची कंबर आत जाते, मागचे पाय काडीसारखे होतात, आणि लोक म्हणतात रोग आला.

म्हणून जोडीदार निवडताना मी स्वभाव शेवटी बघतो. आधी बघतो की कोणाचं तोंड केवढं, कोण किती झपाट्याने खातो आणि दोघांना एकच पाणी मानवतं का. टायगर बार्ब नको, तो पाय कुरतडतो. गोल्डफिश नको, त्याला गार पाणी लागतं, तो मोठा होतो आणि घाण फार करतो. निऑन टेट्रा सुंदर, पण तो ॲमेझॉनकडच्या मऊ पाण्यातला. आपल्या बोअरच्या जड पाण्यात, ज्याने नळाच्या तोटीवर पांढरी खपली धरते, त्याचे हाल होतात. मला विचाराल तर चार-पाच नर गप्पी. हिवतापवाले डासांच्या अळ्यांसाठी डबक्यात सोडतात तीच ही जात, जड पाणी तिला मानवतं. नरच का, तर माद्या असल्या की पिल्लं होतात आणि पिल्लं ठेंगणा बेडूकही खातो. हे नर असले तरी अन्नावर तुटून पडतातच. म्हणून आधी टाकीच्या एका टोकाला वर त्यांचे दाणे टाकायचे. ते तिकडे गुंतले की दुसऱ्या टोकाला तळाशी ठेवलेल्या मातीच्या पणतीत ड्रॉपरने अळ्या सोडायच्या. आठवडाभरात बेडूक संध्याकाळी पणतीपाशी येऊन बसायला लागतो.

“टाकी साफ ठेवतो” हे चूक. बेडूक शेवाळ खात नाही, माशांची विष्ठा खात नाही, तळाला पडलेले कोरडे दाणे बहुधा सोडून देतो. त्याला मांसाहार लागतो.

“फायटरचा जोडीदार.” दोघांना पाणी साधारण सारखंच लागतं, चोवीस ते सत्तावीस अंश, म्हणून ही जोडी जमल्यासारखी दिसते. काही घरांत ती टिकतेही. पण फायटर माणसाचं बोट दिसलं की पुढे येतो आणि बेडकाच्या वाट्याचंही खाऊन पोट फुगवून घेतो. उलट, त्याच्या लांब शेपटीची झालर हलली की अधू नजरेच्या बेडकाला ती अळी वाटते. वीतभर रुंदीच्या काचेच्या बरणीत ही जोडी ठेवणं मला क्रूरपणाच वाटतो. तीन-चार ठेंगणे बेडूक ठेवायचे तर किमान चाळीस लिटरची टाकी हवी. उंची फुटाच्या आत हवी, कारण दर श्वासाला त्याला पोहत वर यावं लागतं. झाकण पक्कं हवं, आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये हवेला जागा हवी.

“फिल्टर-पंप लागत नाही.” बेडूक हवेतून श्वास घेतो हे खरं. पण तो ज्या पाण्यात लघवी करतो तेच पाणी त्याच्या कातडीतून आत जातं. अमोनिया साचला की तो तिथूनच भिनतो, आणि पाणी गरम व अल्कधर्मी असेल तर अमोनिया जास्त विषारी होतो. जोराची धार त्याला सोसत नाही, म्हणून स्पंज फिल्टर लावावा. आणि सोबतच्या माशांचं काय? पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू मावतो, पस्तीस अंशांना सातच्या आसपास. मे महिन्यात रात्री लाइट गेली, पंप बंद पडला, की सकाळी मासे उलटे तरंगतात आणि बेडूक जिवंत असतो. मग म्हणतात बेडकाने विष सोडलं. त्याने काही केलेलं नसतं, तो फक्त वर येऊन हवा घेत होता.

याच्या उलटही होतं. माशांना पांढरे ठिपके आले म्हणून कोणी टाकीत मीठ घालतं, कोणी तांब्याचं औषध. मासे बरे होतात, बेडूक मरतो, त्याच्या पातळ कातडीला ते झेपत नाही. आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढूनच औषध द्या. क्लोरीनही त्याला तसाच बाधतो. नळाचं पाणी उघडं साठवून एक दिवस ठेवा किंवा अँटी-क्लोरीन घाला. टाकीत हात घातला की साबणाने धुवा, मुलांना तर बजावूनच सांगा. २००९ ते २०११ मध्ये अमेरिकेत याच पाळीव ठेंगण्या बेडकांमुळे साल्मोनेलाची साथ आली होती आणि आजारी पडणाऱ्यांत बहुतेक लहान मुलं होती.

हीटरचा मुद्दा. डिसेंबर-जानेवारीत धुळ्या-जळगावात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. ठेंगण्याला तेव्हा हीटर लागतोच. मे महिन्यात बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस असताना प्रश्न उलटा होतो, आणि नखवाल्याचा जास्त, कारण त्याला वीस अंशांच्या आसपासचं पाणी हवं. आपली हवा कोरडी आहे, म्हणून माठ गार होतो त्याच तत्त्वावर टाकी गार करता येते. झाकणाऐवजी बारीक जाळी घट्ट बसवून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडायचा. पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. उडालेलं पाणी रोज भरावं लागतं.

त्या मुलीच्या वडिलांचा पहिला विचार बेडूक तापीत सोडून द्यायचा होता. मी हात जोडून नको म्हटलं. चिली, कॅलिफोर्निया, फ्रान्स इथे सोडलेले झेनोपस तिथल्या ओढ्या-तळ्यांत पसरले आहेत, आणि बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी ते स्वतः आजारी न पडता वाहून नेऊ शकतात. पावसाळ्यात आपल्या शेताच्या बांधावर डराव डराव करणाऱ्यांना ती लागायला नको.

त्यांनी ऐकलं. पांढरा बेडूक आता एकटा वेगळ्या मोठ्या टाकीत आहे, घरातल्या सगळ्यात गार खोलीत, गांडुळाचे तुकडे खातो. मुलीने थर्मामीटर लावलाय आणि वहीत सकाळ-संध्याकाळ आकडे लिहिते. परवा दुपारी पंखा बंद असताना तेहेतीस होते, लावल्यावर तासाभराने तीस. मी तिला रात्री पाणी बदलून, थोडं गार केलेलं पाणी हळूहळू घालायला सांगितलंय. उरलेल्या सात गप्पींना पिल्लं झालीत. फोनवर ती मोजत होती, बावीसवर चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.