विद्यार्थ्यांनो, यादीपासून लांबच राहा

राष्ट्रीय मतदार दिनानिमित्त पुण्यातल्या एका महाविद्यालयात वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. महापालिकेचं मतदान होऊन जेमतेम आठ-दहा दिवस झालेले. विषय अर्थातच 'लोकशाही आणि युवक'. पहिला आलेला मुलगा खरोखर चांगला बोलला. आवाजाचे चढउतार, मध्येच थांबून सभागृहावरून नजर फिरवणं, सगळं जागच्या जागी. मतदान हे पवित्र कर्तव्य आहे, असं म्हणताना त्याने मूठ अशी काही आवळली की माझ्या शेजारच्या परीक्षक बाईंनी दहापैकी साडेनऊ देऊन टाकले.

नंतर चहा घेताना मी सहज विचारलं, "मतदान केलंस ना रे?"

"नाही सर. लिस्टमध्ये नावच नाहीये."

"अठरा कधी पूर्ण झाली?"

"झाली की दोन वर्षं."

"मग त्या दिवशी काय केलंस?"

"तारकर्लीला होतो सर. बुधवारी संक्रांत, गुरुवारी मतदानाची सुट्टी, शुक्रवार बंक केला की सरळ पाच दिवस मिळतात."

हे त्याने ज्या सहजतेने सांगितलं, त्यावरून माझी खात्री पटली की आपण मोठी माणसं तुम्हाला वर्षानुवर्षं चुकीचा सल्ला देतो आहोत. 'नाव नोंदवा, मतदान करा' म्हणून रांगोळ्या काढतो, सेल्फी पॉइंट उभारतो, शपथा घ्यायला लावतो. त्याचा उपयोग होत नाही, कारण तो सल्ला तुमच्या प्रकृतीला मानवतच नाही. तेव्हा आता मानवेल असा देतो.

सगळ्यात आधी, नाव नोंदवायची घाई करू नका. चौकाचौकात फ्लेक्स लागू द्या. दादा, भाऊ, अण्णा, ताई हात जोडून हसू देत. रिक्षावरचा भोंगा तुमच्या खिडकीखाली येऊन ओरडू दे. मग निवांत मोबाइल काढा आणि नाव कसं नोंदवायचं ते शोधा. तोवर यादी कधीच बंद झालेली असते. 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं ते 1 जुलै 2025 च्या यादीवर. म्हणजे दार साडेसहा महिने आधीच लागलेलं होतं. तेव्हा ना फ्लेक्स होते, ना भोंगा. पाऊस होता आणि तुमचे ॲडमिशनचे राउंड चालू होते. राज्य निवडणूक आयोग स्वतः नवी नावं घेतच नाही. विधानसभेची तयार यादी घ्यायची आणि ती प्रभागांत फोडायची, एवढंच त्याचं काम. नोव्हेंबरात प्रारूप याद्या लागल्या, हरकती मागवल्या, त्या आधीपासून यादीत असून भलत्याच प्रभागात जाऊन पडलेल्या नावांसाठी होत्या. डिसेंबरात फॉर्म भरून जानेवारीत केंद्रावर भांडायला आलेल्या एका मुलीला हे समजावून सांगताना तिथल्या कर्मचाऱ्याचा घसा बसला होता. मला त्या दोघांचीही दया आली.

आधार कार्ड आहे म्हणजे मतदार यादीत नाव असणारच, यावर ठाम विश्वास ठेवा.

नाव आहे की नाही ते तपासायचंच झालं, तर मतदानाच्या दिवशी दुपारी साडेचारनंतर तपासा.

फॉर्म फार अवघड असतो, हे कारणही हाताशी ठेवा. नमुना 6. नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो. केवढा हा छळ! त्यात पोर्टल मध्येच झोपतं, ओटीपी येत नाही, फोटो ठरलेल्या आकारात बसत नाही. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण कॅप राउंडला दीडशे कॉलेजांचे पसंतीक्रम पहाटे तीनला भरणारे तुम्ही. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर तोच उत्पन्नाचा दाखला पुन्हा पुन्हा चढवणारे तुम्ही. सकाळी दहाच्या ठोक्याला तत्काळचं तिकीट काढणारेही तुम्हीच. तुम्हाला नमुना 6 जमत नाही, हे मान्य करायला माझी ना नाही. फक्त हसू येतं.

वयाचं निमित्तही चांगलं आहे. पूर्वी 1 जानेवारी ही एकच पात्रता तारीख असायची. फेब्रुवारीत अठरा पूर्ण झाले की वर्षभर निवांत. आता सरकारने 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा करून ठेवल्यात. वर सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही घेतात. याकडे दुर्लक्ष करा. कुणी तसं सांगितलं, तर "अच्छा, असं असतं का?" म्हणून फोन बघायला लागा.

बाहेरगावाहून शिकायला आलेल्यांसाठी तर हुकमी वाक्य तयार आहे: "माझं मतदान गावाला आहे." लातूर, बीड, जळगाव, चंद्रपूर, कुठलंही गाव चालतं. गावाला नगरपरिषदेचं मतदान असलं की इथे सबमिशन असतं, इथे महापालिकेचं असलं की नाव गावाला असतं. होस्टेलवर किंवा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला राहत्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, कॉलेजचं बोनाफाईड त्यासाठी चालतं, आणि गावाकडचं नाव इकडे आणायला नमुना 8 असतो, ही माहिती अजिबात पसरू देऊ नका. नाव दोन्हीकडे ठेवता येत नाही हे बरोबर आहे. पण दोन्हीकडे मत न देण्याला कायद्याची आडकाठी नाही, आणि ही सवलत तुम्ही पुरेपूर वापरता. (घरमालक भाडेकराराची झेरॉक्स देणार नाही, हे मी धरूनच चाललोय. म्हणून तर बोनाफाईड म्हणालो.)

शाई लागलेल्या बोटाचा फोटो स्टोरीला टाकायचा असेल, तर बहिणीचं बोट चालतं.

आता मुख्य सल्ला. महापालिकेचा आणि आपला काही संबंध नाही, हे मनात पक्कं करून टाका. लोकसभेचं ठीक आहे, त्यात पाकिस्तान असतं, अमेरिका असते, कट्ट्यावर तावातावाने बोलता येतं. महापालिकेत काय असतं? पाणी, कचरा, गटार, दिवे, खड्डे, बस. तुमचा यातल्या कशाशीही संबंध येत नाही. तुम्ही खोलीवर टँकरचं पाणी वापरता, ते आकाशातून येतं. पीएमपीच्या बसची वाट बघत थांब्यावर पाऊण तास उभे असता, तो ध्यानधारणेचा भाग असतो. रात्री अभ्यासिकेतून परतताना रस्त्यावर दिवा नसतो, कुत्री मागे लागतात, त्यात व्यायाम होतो. मेसचा काका पाणी कुठून भरतो हे विचारायचं नसतं. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. नांदेड, किरकटवाडी, धायरी. माणसं हातापायातली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली, बोट दूषित पाण्याकडे दाखवलं गेलं. त्या पट्ट्यात किती मुलं खोल्या करून राहतात, ते तुम्हालाच ठाऊक. पण पाणी म्हणजे महापालिका आणि महापालिकेशी आपला संबंध नाही, हे ठरलंय ना? मग झालं.

आणि हे तर फारच छान आहे. पुणे महापालिकेचं आधीचं मतदान झालं फेब्रुवारी 2017 मध्ये. त्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. पुढे प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टाच्या तारखा. थेट जानेवारी 2026 उजाडलं. मुंबईतही तेच, ठाण्यातही तेच. जो मुलगा 2022 ला इंजिनीअरिंगला आला, त्याची जवळजवळ सगळी डिग्री नगरसेवकाविना झाली. 2021 मध्ये ज्या 23 गावांना पालिकेत ओढलं, त्यांचं तर काय सांगायचं! त्यात वाघोली आहे, नऱ्हे आहे, म्हणजे गल्लीगल्लीत कॉलेजं आणि होस्टेलं. ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक आला नाही. साडेचार वर्षं तक्रार करायला एकही निवडून आलेला माणूस नाही. 2025-26 चं पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं. आयुक्तांनीच मांडायचं आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचं. कुणी उठून विचारायला नाही की बाबा, वाघोलीच्या रस्त्याला यात काय? आणि एवढी वर्षं वाट बघायला लावून एकदाचा तो दिवस आला, सार्वजनिक सुट्टीसकट आला, तेव्हा तुम्ही तारकर्लीला!

स्कूबा झकास असतं म्हणे तिथे.

थांबा, मी सल्ला देत होतो. तर, मतदानाला चुकून गेलातच, तर चार बटणं बघून गांगरून जा. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक, पुण्यात बहुतेक प्रभागांत चार. चार वेळा विचार करावा लागतो. तुम्हाला सवय नाही, हे मी समजू शकतो. महाविद्यालयातल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा आल्या, त्या कागदावरच. तुमचा सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, कसा ठरतो? ज्याचा हात आधी वर जातो किंवा ज्याचं तोंड सरांना पाठ असतं तो. ही चूक तुमची नाही, ती आमच्या पिढीने करून ठेवलेली सोय आहे. मुलांना मत देण्याची सवय लागली, तर ती पुढे सुटत नाही, हे कुणाच्या तरी वेळेवर लक्षात आलं असणार.

कुणी उमेदवारच चांगला नाही, असं म्हणत राहा. 'नोटा', म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हा पर्याय असतो, तेही म्हणू नका. एकवीस पूर्ण झाल्यावर स्वतः उभं राहता येतं, हे तर मुळीच नको. घरचे घाबरतील.

खड्ड्याचं रील मात्र न चुकता टाका. त्यावर दुःखी संगीत लावा. महापालिकेला टॅग करा. पालिका रील बघून रस्ता करते, असं मी अजून पाहिलेलं नाही, पण व्ह्यूज येतात.

मी काय पाहिलं ते सांगतो. प्रचाराच्या दिवसांत आमच्या गल्लीत एका उमेदवाराची चार-पाच पोरं फिरत होती. हातात मतदार यादीचा गठ्ठा, घर आणि नाव बघून स्लिपा देत होती. "काकू, तुमची चार मतं ना?" अशी नम्र चौकशी. आमच्या शेजारी मुलांचं होस्टेल आहे, तीन मजली, पन्नासेक मुलं सहज असतील. एक पोरगा आत शिरायला लागला तर म्होरक्याने त्याला हाताला धरून मागे ओढलं. "ते सोड. तिथे नावं नाहीत." आणि गेले पुढे. फाटकात तीन मुलं उभी होती. त्यांच्याकडे एकाने बघितलंसुद्धा नाही.

बास झाली आता थट्टा. तुम्हाला कळतंय का मी काय सांगतोय? त्या माणसाचा तुमच्यावर राग नव्हता. तुम्ही त्याच्या लेखी तिथे नव्हताच. त्याच्या गठ्ठ्यात समोरच्या बंगल्यातल्या ऐंशी वर्षांच्या आजी होत्या, म्हणून त्यांच्या दारासमोरचा दिवा निवडणुकीआधी बदलला गेला. तुमच्या फाटकासमोरचा अजून तसाच मिचमिचतोय. उगाच 'तरुणांना कुणी विचारत नाही' म्हणून गळे काढू नका. तुम्हाला विचारावं यासाठी तुम्ही काय केलंत? शपथ घेतली, सेल्फी काढला, भाषण ठोकलं. अरे, 1989 पर्यंत या देशात मत द्यायला एकवीस वर्षं लागायची. घटनेत दुरुस्ती करून ते अठरावर आणलं, ते तुला सुट्टी मिळावी म्हणून नव्हे. तीन वर्षं आधी दिली तुला, त्यातली दोन तू फॉर्म 'भरायचा राहिला' म्हणून घालवलीस. लाज वाटत नाही ती नाहीच, वर सांगताना हसतोस!

आणि हे काही पुढच्या सेमिस्टरला परत देता येणाऱ्या विषयासारखं नाही. आत्ता निवडून आलेत ते पाच वर्षं बसणार. पुढचं मतदान 2031 मध्ये, तेही वेळेवर झालं तर. मागच्या खेपेला किती वेळेवर झालं ते वर सांगितलंच आहे. तेव्हा तू पंचविशीत असशील, बंगळुरूला किंवा हिंजवडीला, नव्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, नव्या टँकरच्या पाण्यावर. आणि तिथल्याही यादीत नसशील, कारण तेव्हाही फ्लेक्स लागेपर्यंत वाटच बघणार आहेस तू. तुझ्यासारखेच पन्नास जण त्या होस्टेलात आहेत. पन्नास नावं एका इमारतीत निघाली, तर तो म्होरक्या जिना चढून वर येईल, चपला काढून येईल. नाहीत, म्हणून तो येत नाही. यात राजकारण कळायला लागतं असं काही नाही.

आता महापालिकेची निवडणूक नाही, फ्लेक्स नाही, भोंगा नाही. म्हणूनच आत्ता कर. पात्रता तारीख दर तीन महिन्यांनी येते. घरी राहत असशील तर आईच्या किंवा वडिलांच्या मतदार ओळखपत्राचा क्रमांक हाताशी ठेव, फॉर्ममध्ये विचारतात. होस्टेलला असशील तर कॉलेजच्या ऑफिसातून बोनाफाईड घे. ती खिडकी दुपारी एकला बंद होते, त्याआधी जा.