इंजिनाचं पार्श्वगायन

टर्बो लावलेलं दोन लिटरचं इंजिन मुळातच अबोल. एक्झॉस्टमधून सुटणारे दणके बरेचसे टर्बोच्या पंख्यातच विरतात, उरलेले कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर गिळतात. त्यातूनही काही वाचलंच, तर दुपदरी काच आणि फायरवॉलवरचं (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरचं) जाड अस्तर त्याला आत शिरू देत नाही. पण गिऱ्हाइकाने एवढे पैसे मोजलेले असतात ते गुरगुरीसाठी. मग कंपनी पार्श्वगायनाची सोय करते, म्हणजे इंजिनाचा बनवलेला आवाज केबिनमध्ये सोडते. ओठ इंजिनाचे, गळा स्पीकरचा.

माझी तक्रार गळ्याबद्दल नाही, तो न विचारता लावला याबद्दल आहे. शिवाय हे गाणं बंद करायचं बटण सापडणं म्हणजे सरकारी कचेरीत ‘साहेब आत्ताच जेवायला गेलेत’ असं ऐकण्यासारखं. कुठेतरी असतं, पण समोर नसतं.

गाण्याची तऱ्हा अशी. एक छोटा मॉड्यूल गाडीच्या कॅन बसवरून, म्हणजे तिच्यातल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या तारेवरून, आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), वेग आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय ते वाचतो आणि त्या हिशोबाने सूर लावतो. चार सिलिंडरचं इंजिन दर फेरीला दोनदा फायर होतं, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० दणके, १०० हर्ट्झ. आठ सिलिंडरला तिथेच २००. चाराला आठाचा आव आणायचा तर त्या १०० वर २०० चा सूर चढवायचा आणि मधले अर्धवट पटींचे सूर खडबडीतपणासाठी शिंपडायचे. २०१५ च्या फोर्ड मस्टँग इकोबूस्टला चारच सिलिंडर, त्यामुळे तिची गरज तरी समजते. पण बीएमडब्ल्यूच्या एफ१० पिढीतल्या एम५ ला अस्सल आठ सिलिंडर असूनही मागून गाणारा ठेवलाच होता. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं.

आता बंद करायचं म्हणता? आवाज येतो कुठून ते आधी शोधा. म्युझिकचा व्हॉल्यूम शून्यावर आणून काही कळत नाही, गाणारा त्या नॉबला जुमानत नाही. त्याऐवजी मोकळ्या रस्त्यावर गाडी तिसऱ्या गिअरला धरून कम्फर्ट आणि स्पोर्ट या ड्राइव्ह मोडांमध्ये आलटून पालटून बघा. आरपीएम तेच, पण आवाजाची जात बदलली की संशय पक्का. मग शेजारी बसलेल्या माणसाला सीटखाली हात घालायला सांगा. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत वूफर तिथेच असतो. गाणी बंद असताना अ‍ॅक्सिलरेटरबरोबर त्याची जाळी बोटाखाली थरथरली, की चोर मुद्देमालासह सापडला.

फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयमध्ये मात्र स्पीकरवर आळ घेऊ नका. तिथे वाइपरखालच्या कप्प्यात, काचेच्या पायथ्याशी ‘साउंडअ‍ॅक्टर’ नावाचा कंपक बोल्टने बसवलेला असतो. तो पत्र्यालाच हादरवतो, म्हणजे अख्खी गाडीच त्याचा स्पीकर. म्हातारा झाला की खरखरतो आणि मालक डॅशबोर्डाची सगळी क्लिपं उचकटत बसतो. तिसरी जात निव्वळ नळीची: इनटेकमधला, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेतला, खरा आवाज पडद्यामार्फत केबिनमध्ये आणणारी. ती फसवत नाही, तिला राहू द्या.

बंद करण्याची पहिली पायरी फुकट आहे. ड्राइव्ह मोडमध्ये ‘इंडिव्हिज्युअल’ उघडून इंजिन साउंड सर्वांत सौम्यावर न्यायचा आणि स्टिअरिंग, गिअरबॉक्स हवे तसे ठेवायचे. अडचण एवढीच, की काही गाड्या चावी फिरवली की सगळं विसरून पुन्हा कम्फर्टला येतात. इलेक्ट्रिक गाड्यांत हे सोपं आहे, कारण तिथे बहुधा कोणी इंजिन असल्याचा दावाच करत नाही. बीएमडब्ल्यूच्या आय४ चे सूर हान्स झिमर यांच्या सोबतीने रचलेत, चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या गाड्यांसाठी ए. आर. रहमान यांनी आवाज दिलेत. इथे निदान कलाकाराचं नाव तरी श्रेयनामावलीत आहे.

मेनूत काही नसेल तर ओबीडी पोर्ट, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बाहेरून बोलायचं सॉकेट, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी. बीएमडब्ल्यूच्या एफ मालिकेत (एफ१० सारख्या ‘एफ’ने सुरू होणाऱ्या पिढ्यांत) मोबाइलवरच्या बिमरकोड अ‍ॅपने ‘एएसडी’ मॉड्यूल उघडून अ‍ॅक्टिव्ह साउंड डिझाइन निष्क्रिय करायचं. सातव्या पिढीच्या जीटीआयमध्ये व्हीसीडीएस या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरने ए९ पत्त्यावर, म्हणजे त्या कंपकाच्या मॉड्यूलवर, जाऊन अ‍ॅडॅप्टेशनमधला १०० टक्क्यांचा आकडा ० करायचा. इंजिन बंद, इग्निशन चालू, आणि बॅटरीला चार्जर लावलेला असावा. कोडिंगच्या मध्यात व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट लिहिला जातो, मग गाडी टो करून न्यावी लागते आणि टोवाल्याला कारण सांगताना जीभ अडखळते. जुन्या आकड्याचा फोटो आधी काढा. आधी म्हणजे आधी.

काही लोकांना सॉफ्टवेअरवर विश्वास नसतो, ते मॉड्यूलच उपसायला डिकीतलं अस्तर उचकटतात. त्यांनी स्क्रूड्रायव्हर नव्हे, प्लॅस्टिकची पट्टी वापरावी. क्लिपं तरीही तुटतात, चारपाच जादा आणून ठेवावीत. खरा घोळ पुढे आहे. काही गाड्यांत हा मॉड्यूल हेड युनिट (डॅशबोर्डातली म्युझिक सिस्टीम) आणि स्पीकर यांच्या मधोमध बसलेला असतो. त्याचा कनेक्टर उपसला की गाणी गेली, पार्किंग सेन्सरची पिपी गेली, इंडिकेटरची टिकटिक गेली, कारण आजकाल ती टिकटिकही स्पीकरमधूनच येते. तिथे इनपुट-आउटपुट थेट जोडणारा बायपास हार्नेस, म्हणजे तयार तारांचा जुडगा, लागतो. मोस्ट पद्धतीच्या ऑप्टिकल केबलला, म्हणजे ऑडिओची यंत्रं कड्यासारखी जोडणाऱ्या प्रकाशाच्या केबलला, तर हात लावू नका. ते कडं एका जागी तुटलं की सगळी ऑडिओ यंत्रणा मौनात जाते, आणि ती केबल २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवलेली तिला खपत नाही.

फ्यूज काढणं हा आळशी उपाय. त्या फ्यूजवर बहुधा अख्खा अँप्लिफायर असतो, आणि काही गाड्यांत छतातल्या मायक्रोफोनवरून घुमणारा आवाज मारणारं नॉइज कॅन्सलेशनही. ते गेलं की ठरावीक आरपीएमला कानात दडे बसल्यासारखी घुमघुम सुरू होते.

इलेक्ट्रिक गाडीचा बाहेरचा स्पीकर मात्र यातलं काहीच नव्हे. ताशी २० किलोमीटरच्या आत वाजणारा तो आवाज पादचाऱ्यांसाठी आहे, अंधांसाठी तर विशेष. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १३८ मध्ये तो थांबवायचं बटण द्यायलाही मनाई आहे. तुमचे कान दुखत असतील तर काच वर करा.

एवढं करून शांतता मिळते का? डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजेक्टरांची शिलाई मशीनसारखी टकटक ऐकू येते, टायरांची घरघर येते, आणि डाव्या ए-पिलरमागे (समोरच्या काचेच्या कडेच्या खांबामागे) काहीतरी खुळखुळतं. ते आधीपासूनच खुळखुळत होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं की तुमचं कोडिंग बहुतेकदा पुसलं जातं आणि गायक परत कामावर हजर होतो. म्हणून गाडी ताब्यात घेतल्यावर गेटबाहेरच एकदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघावा, आणि जुन्या आकड्याच्या फोटोशेजारी नव्या आकड्याचाही फोटो ठेवावा.