‘शंभर यार्डांत एक इंच’: एक तारा दिलेल्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही रिव्ह्यू मराठीत टाकलात, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांना यातलं अक्षर कळणार नाही, पण इथल्या, डॅलसजवळच्या फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंगकडची आपली मंडळी वाचतायत हे गेल्या चार दिवसांत आलेल्या फोनांवरून कळलं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एआर रायफल बांधून द्यायचे चोवीसशे डॉलर घेतले, सहा आठवडे सांगून चौदा लावले, ‘शंभर यार्डांत एक इंच’ (म्हणजे शंभर यार्डांवर मारलेल्या सगळ्या गोळ्या एका इंचाच्या आत) म्हणून दिलेली रायफल दोन इंचांत मारते, टेक्ससमधल्या ॲबिलीनजवळच्या रँचवर तीन कायोटी (कोल्ह्यासारखं इथलं रानटी जनावर) हुकले, आणि वर ‘आपला माणूस म्हणून विश्वास टाकला, तर आपल्याच माणसाने टोपी घातली.’

टोपीचं नंतर बघू. आधी तुम्ही टाकलेला टार्गेटचा फोटो. तुम्ही प्रत्येक भोकाशेजारी पेनाने एक ते पाच आकडे टाकलेत. इंजिनिअर माणसाची सवय, आणि तिच्यामुळे माझं निम्मं काम झालं. पहिली तीन भोकं क्वार्टरच्या नाण्याखाली झाकतील एवढी जवळ आहेत. चौथं जरा वर उजवीकडे आणि पाचवं आणखी वर, आणखी उजवीकडे. पाचही भोकं चहूकडे विखुरलेली असती तर मी काडतुसांवर बोट ठेवून मोकळा झालो असतो. पण गोळ्या एका दिशेने चालत गेल्या की बॅरलला, म्हणजे नळीला, कुठेतरी काहीतरी टेकतंय अशी पहिली शंका घ्यायची.

या रायफलीचं बॅरल फक्त मागच्या टोकाला रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलीच्या मधल्या सांगाड्यात, घट्ट बसवलेलं असतं. पुढे ते हँडगार्डच्या (पुढचा हात धरायच्या आवरणाच्या) आत अधांतरी असतं, कशालाही न टेकता. गोळी सुटताना बॅरल थरथरतं, आणि दर वेळी सारखंच थरथरलं तर गोळ्या एका जागी पडतात. घंटा वाजताना तिला बोट लावलं की नाद बदलतो, तसंच हे.

तुमचं जॉब कार्ड काढून बघितलं. २ जुलैला तुमचा फोन आला होता, की हँडगार्ड हातात जाड वाटतो, बारीक बसवा. मी बसवला. आत गॅस ब्लॉक (बॅरलमधला गॅस घेऊन पुढची गोळी भरायला लावणारा, बॅरलवरचा ठोकळा) तोच ठेवला, ज्याला गॅस कमी-जास्त करायचा स्क्रू आहे. रायफल थंड असताना त्या स्क्रूच्या आणि हँडगार्डच्या मधून कागदाची पट्टी फिरवून बघितली, गेली, आणि मी कार्डावर बरोबरची खूण केली. टेस्टिंग केलं ते हँडगार्डच्या मागच्या भागाखाली वाळूची पिशवी ठेवून. तुम्ही मारता बायपॉडवर, पुढे लावलेल्या दोन पायांच्या टेकूवर, म्हणजे सगळा भार हँडगार्डच्या पुढच्या टोकावर.

तोच हँडगार्ड आणि तोच गॅस ब्लॉक दुकानात एकेक शिल्लक होता. रविवारी माझ्या स्वतःच्या रायफलीला दोन्ही बसवले, स्क्रूच्या डोक्याला मार्किंगची निळी शाई लावली, बायपॉडवर छातीचा भार दिला आणि दहा गोळ्या भराभर मारल्या. हँडगार्ड उतरवला तर आतल्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा निळा डाग. तो फोटो खाली जोडलाय.

ही चूक माझी. वडिलांच्या शिरोली एमआयडीसीतल्या गाळ्यात पंपाचे शाफ्ट फिरवत मी लेथ शिकलो. जॉब तापला की माप बदलतं आणि भार आला की पातळ पत्रा वाकतो, हे तिथे पहिल्याच महिन्यात कळतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. कागदाची पट्टी भार देऊन फिरवायला हवी होती, ती मी फिरवली नाही.

पण सगळे दोन इंच त्या स्क्रूचे नाहीत. फोटोच्या कोपऱ्यात तुमचा काडतुसांचा डबा दिसतोय: ५५ ग्रेन (हे गोळीचं वजन), पूर्ण तांब्याच्या आवरणाची, घाऊक भावाची. सरावाला उत्तम. पण हा माल चांगल्या बॅरलमधूनही दोन-अडीच इंचांत पडतो, आणि त्यात कुणाचाही दोष नाही, तो त्या भावातच बसवलेला असतो. तुमच्या पेटीत मी माझं टेस्ट टार्गेट ठेवलं होतं. पाच गोळ्या, नऊ दशांश इंच, ७७ ग्रेनच्या मॅच, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या, काडतुसांनी. हे मी फोनवर बोललो होतो, पण बिलावर नुसतं ‘१०० यार्डांवर १ इंच’ लिहिलं. कुठल्या काडतुसाने आणि किती गोळ्यांत, ते लिहिलं नाही. गिऱ्हाईक बिल वाचतो, फोन आठवत बसत नाही. परवापासून बिलावर काडतुसातल्या गोळीचं वजन आणि ‘पाच गोळ्या’ हे दोन्ही लिहायला लागलोय. तीन गोळ्यांचा ग्रूप दाखवून कुणीही छाती फुगवू शकतो. तुमचीच पहिली तीन भोकं बघा, त्या तिघांवर थांबला असतात तर मला पाच तारे मिळाले असते.

आणि तांब्याच्या आवरणाची गोळी कायोटीला वापरू नका. ती आरपार जाते, आणि जनावर जखमी होऊन झुडपात जाऊन मरतं, तास-दोन तासांनी. प्लॅस्टिकच्या टोकाची ५३ किंवा ५५ ग्रेनची घ्या. चेंबर (काडतूस बसतं तो खण) .२२३ वाइल्ड मापाचं आहे, .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ ही दोन्ही काडतुसं चालतात, तेव्हा दोन-तीन कंपन्यांचा एकेक डबा घेऊन बघा. प्रत्येक बॅरलची आवड वेगळी असते.

आता हुकलेले तीन. तुम्हीच लिहिलंय की पहिले दोन तीनशे यार्डांच्या आसपास होते आणि वारा ‘बऱ्यापैकी’ होता. रायफल शंभरावर झिरो केलेली, म्हणजे नेम आणि गोळी शंभर यार्डांवर जुळवलेली. त्या गोळीला दोनशेवर अडीच-तीन इंच उतार मिळतो, तीनशेवर साधारण दहा इंच. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तीनशेवर तिला दहा-बारा इंच बाजूला नेतो, आणि ॲबिलीनला ‘बऱ्यापैकी’ म्हणजे पंधरा-वीस असतो. कायोटीच्या छातीत नेम धरायची जागा तळहाताएवढी. तुमच्या हातात अर्ध्या इंचात मारणारी रायफल असती तरी ते दोघे पळालेच असते. हे टोमणा म्हणून सांगत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी स्वतः सात हुकवलेत, आणि दर वेळी आधी रायफलीकडेच बघितलंय. कॉलरचा (जनावराला बोलावणाऱ्या यंत्राचा) आवाज लावला की कायोटी वाऱ्याचा वास घेत वळसा घालून येतो. त्याला दीडशेच्या आत येऊ द्या, हात शिवशिवले तरी.

तिसरा तीस यार्डांवर होता म्हणता. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बॅरलच्या वर अडीच इंचांहून जास्त उंचीवर असतो, त्यामुळे एवढ्या जवळ गोळी नेमाच्या दीड इंच खाली लागते. पण दीड इंचाने आख्खा कायोटी हुकत नाही. तुमचा थर्मल स्कोप (उष्णतेवरून जनावर दाखवणारा) तुम्ही बाहेरून घेतलात, घरी बसवलात, आणि प्रवासात काढून बॅगेत ठेवलात असं रिव्ह्यूत लिहिलंय. परत चढवल्यावर रँचवर एकतरी गोळी कागदावर मारून बघितली होती का? तो रायफलीला धरून ठेवणारा माउंट मी हातात घेतलेला नाही, म्हणून छातीठोकपणे काही सांगत नाही. येताना तो घेऊन या.

उशिराचं. १४ जूनला ऑर्डर, सहा आठवडे म्हणजे २६ जुलै. बॅरल पुरवठादाराकडून पाच आठवडे उशिरा आलं. त्याचा उशीर हा तुमच्या दृष्टीने माझाच उशीर, आणि मी मधे एकदाही फोन केला नाही, ते चुकलंच. रायफल ३० ऑगस्टला तयार झाली, त्याच दिवशी तुम्हाला कळवलं. त्यापुढचे तीन आठवडे मात्र माझ्या अंगावर घेणार नाही.

एच-वन-बीवर असल्याचं तुम्ही स्वतःच रिव्ह्यूत लिहिलंय म्हणून इथे बोलतोय, एरवी बोललो नसतो. आपल्या बऱ्याच मंडळींना हे माहीत नसतं: एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. त्यातून सुटायच्या मोजक्या वाटांपैकी एक म्हणजे चालू असलेलं शिकारीचं लायसन्स. टेक्ससचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं, मग तुम्ही ते कधीही काढलेलं असो. तुम्ही आलात ६ सप्टेंबरला, हातात मागच्या वर्षीचं लायसन्स. इथेच बसून फोनवर नवीन काढू म्हणालो, तर ‘सहा दिवसांसाठी काय अडवता’ म्हणून निघून गेलात. १३ तारखेला नवीन घेऊन आलात, फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासणीचं उत्तर ‘डिलेड’ आलं. त्यात कामकाजाचे तीन दिवस थांबावं लागतं, शनिवार-रविवार धरत नाहीत. २० तारखेला रायफल तुमच्या हातात होती.

‘आपला माणूस’ म्हणून मी ती ६ तारखेला दिली असती, तर माझं दुकान गेलं असतं आणि तुमचा व्हिसा. तुमचं लायसन्स पुढच्या ३१ ऑगस्टला पुन्हा संपेल, आणि रायफल तेव्हा तुमच्या घरी असेल. नवीन लायसन्स साधारण १५ ऑगस्टपासून मिळायला लागतं. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

गावाकडून वाचणाऱ्यांसाठी मधेच दोन वाक्यं, कारण कोल्हापुरातून मावसभावाचा फोन आला, ‘तू तिकडं मशीनगन विकतोस व्हय?’ नाही. या रायफलीत चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पुढची फक्त आपोआप भरली जाते. आणि एआर म्हणजे ‘आर्मालाइट रायफल’, ज्या कंपनीत यूजीन स्टोनरने ती आखली तिचं नाव. आपल्याकडे कोल्ह्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. टेक्ससमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही. शेळ्या-मेंढ्यांची करडं-कोकरं उचलली जातात म्हणून रँचवाले स्वतः बोलावतात.

टोपीचं. तुमच्या बिलात प्रत्येक सुट्या भागाची किंमत वेगळी लिहिली आहे, कुणालाही ताडून बघता येईल, आणि माझी मजुरी ३२० डॉलर. चूक झाली म्हणा, निष्काळजी म्हणा, दोन्ही ऐकून घेईन. टोपी घातली नाही.

तर आता असं करू. येत्या दोन शनिवारांपैकी सोयीचा धरा, सकाळी आठला या, त्या वेळी वारा पडलेला असतो. रायफल पेटीत, चेंबर रिकामं, मॅगझिन वेगळं. लायसन्सही खिशात. गॅस ब्लॉक बदलून बिनास्क्रूचा, ठेंगणा बसवतो, तुमच्यासमोर, पैसे न घेता. मग मागच्या रेंजवर बायपॉड लावून तुम्हीच पाच मारा, बिलावर आता लिहीन त्या काडतुसांनी, काडतुसं माझी. एका इंचाच्या बाहेर गेली तर भाग उतरवून ठेवतो आणि चोवीसशेचा चेक तिथेच लिहितो.

उरलेला ५५ ग्रेनचा डबाही आणा. थर्मल परत झिरो करायला लागेल, त्यातली दहा-बारा आधी त्यावर संपवू.