‘घाबरवू नका’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

डोळ्याच्या खोबणीतल्या गाठीवर इंजेक्शन घेतल्यावर माझं काय झालं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, “डॉक्टर नसताना लोकांना घाबरवू नका. डोळ्याजवळच्या अशा गाठींवर इंजेक्शन घेऊन कितीतरी जण ठणठणीत आहेत. औषधाऔषधांत फरक असतो, तोही तुम्ही सांगत नाही.”

एक चूक आधी कबूल करतो. लेखात एके ठिकाणी ‘हिमँजिओमा’ असं लिहिलं गेलं. ते तान्ह्या बाळांचं दुखणं, आधी वाढतं आणि मग बहुतेकदा आपोआप ओसरतं. माझ्या डोळ्याच्या खोबणीत होती ती शिरांची जन्मजात विकृती. दुरुस्ती केली आहे.

पण ‘घाबरवू नका’ हे शब्द लागले. उपचार घेऊ नका असं मी कुठे लिहिलंय, ती ओळ दाखवा.

स्क्लेरोथेरपीनंतर, म्हणजे अशा शिरा बंद करणाऱ्या इंजेक्शननंतर, सूज येते, हे मलाही सांगितलं होतं. म्हणूनच त्या रात्री पापणी दगडासारखी घट्ट झाली, डोळा बाहेर ढकलल्यासारखा वाटायला लागला, तरी मी बर्फाने शेकत बसलो. मधेच पापणी बोटांनी उचलून खुर्चीवरचा लाल टॉवेल पाहिला. डाव्या डोळ्याला लालभडक. उजव्याला तोच टॉवेल विटका, मातकट. तीन तास मी हे कुणालाच सांगितलं नाही, कारण ‘सूज येतेच’ एवढंच डोक्यात होतं.

खोबण हाडाची. आत सूज वाढली की ती मागे किंवा बाजूला जाणार कुठे? दाब येतो तो डोळ्याच्या नसेवर आणि पडद्याच्या रक्तपुरवठ्यावर. रक्त तुटलं तर पडद्याचं कायमचं नुकसान व्हायला काही तास पुरतात. माझ्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला छेद देऊन दाब मोकळा केला, म्हणून निम्मी नजर वाचली. खालचा भाग आजही धूसर आहे, जिना उतरताना पायरी चाचपावी लागते. हे सगळं भोगलेल्या माणसाला ‘डॉक्टर नसताना’ म्हणून गप्प करायचं, हे मला पटत नाही. तुम्ही तरी डॉक्टर आहात का? तसं कुठे लिहिलेलं दिसलं नाही.

इंजेक्शनमधल्या औषधांपैकी ब्लिओमायसिनने सूज कमी येते, अल्कोहोलने जास्त, वगैरे मुद्दे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलावेत. किती जण ठणठणीत आहेत, त्या हिशेबातही मी पडत नाही.

इंजेक्शननंतर पापणी उघडत नसेल तर ती बोटांनी हलकेच उचला, दुसरा डोळा झाका आणि एखादी लाल वस्तू बघा. रंग फिका वाटला किंवा अंधारलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. ही सूचना मी लेखातून काढणार नाही.