आगरकर तुरुंगात गेले होते

टिळक-आगरकरांवरचा एक मेसेज सध्या पुण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या भाचीने तो शाळेतल्या भाषणासाठी जसाच्या तसा वहीत उतरवला, म्हणून हे लिहितेय. मेसेजचं म्हणणं असं: ‘केसरी’ एकट्या टिळकांनी चालवला, आगरकर सरकारधार्जिणे, म्हणून कधी तुरुंगात गेले नाहीत, संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा देऊन त्यांनी धर्म इंग्रजांच्या हाती दिला, आणि पुणेकरांनी त्यांना त्यांची जागा दाखवली.

‘केसरी’ जानेवारी १८८१ मध्ये निघाला तेव्हा त्याचे संपादक आगरकर होते, १८८७ पर्यंत तेच होते. टिळक तेव्हा इंग्रजी ‘मराठा’ सांभाळत. हा मुद्दा एवढ्यातच संपतो.

तुरुंगाचं विधान मात्र संताप आणणारं आहे. आगरकरांच्या पुस्तकाचं नावच ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ असं आहे. ‘आमचे’ म्हणजे त्यांचे आणि टिळकांचे! कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा छळ चाललाय, असा आरोप दोन्ही वृत्तपत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुरावा म्हणून धरलेली पत्रं बनावट निघाली, दोघांनी माफीही मागितली, तरी १८८२ मध्ये प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी भोगले. आगरकरांना तर दम्याचा त्रास. एकाच खटल्यात, एकाच तुरुंगात दोघं होते. मग एकाचा तुरुंगवास त्याग आणि दुसऱ्याचा झालाच नाही, हे कसं? मेसेज लिहिणाऱ्याने पुस्तकाचं मुखपृष्ठ पाहिलं असतं तरी पुरे होतं.

आणि सरकारधार्जिणा माणूस एम.ए. होऊन सरकारी नोकरी धरतो. आगरकर न्यू इंग्लिश स्कूल या खासगी शाळेत शिकवायला गेले.

संमतिवयाबाबत एवढं मान्य करावं लागेल की, समाजसुधारणेसाठी सरकारने कायदा करावा असं आगरकर म्हणत आणि टिळकांचा त्याला विरोध होता. पण तो कायदा काय होता, हे मेसेज सांगत नाही. १८९१ मध्ये मुलीचं संमतिवय, म्हणजे ज्याच्या आत नवऱ्यानेही शरीरसंबंध ठेवणं गुन्हा ठरे ते वय, दहावरून बारा करण्यात आलं, बस. आदल्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली होती. माझी भाची सहावीत आहे. तिच्याच वयाच्या मुलींना वाचवू पाहणाऱ्या माणसाला धर्मबुडवा म्हणायचं, आणि ते तिच्याच तोंडून वदवायचं?

राहिली ‘जागा दाखवली’ची गोष्ट. कर्मठांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. यात मिरवण्यासारखं काय आहे? १८८८ मध्ये काढलेलं ‘सुधारक’ साप्ताहिक त्यांनी त्या भीतीने बंद केलं नाही. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते आणि १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता, त्या पदावर असतानाच गेले. तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. टिळकांचं नाव घेऊन हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी आधी तो लेख मिळवून वाचावा.